सोनं आकाशातलं, झाड परक्यांचं, मग आपलं काय?

नमस्कार ताई,

दरवर्षी नाताळच्या सुटीत आमच्याकडे सगळे जमतात. झाड सजवायचं, एकमेकांना भेटी द्यायच्या, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारायच्या, हे माझ्या आईच्या वेळेपासून चालत आलंय. आई जाऊन चार वर्षं झाली. यंदा तिची सोन्याची अंगठी मुलीला द्यायची असं मी ठरवलं होतं. अंगठी अगदी साधी आहे, खडा वगैरे काही नाही. आईच्या बोटात ती कायम असायची, फक्त कपडे धुताना काढून खिडकीत ठेवायची. आतल्या बाजूला तीन आकडे आहेत, त्यातला पहिला ७ असावा. पुढे काहीतरी कोरलंय, पण ते आता वाचता येत नाही.

मुलगी १९ वर्षांची आहे. अंगठीचं सांगितलं तर म्हणाली, मला नको. म्हणाली, "२५ डिसेंबर ही सूर्याची तारीख, झाड जर्मनांचं, लाल डगलेवाला म्हातारा कोलाच्या कंपनीने काढलेला, अंगठी देण्याची रीत जाहिरातवाल्यांची, आणि सोनं तर पृथ्वीवरचंही नाही. वर त्या सोन्यासाठी किती डोंगर पोखरलेत आणि किती माणसं मेलीत ते वेगळंच. मग यात आपलं काय आहे, आई?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर जरा मवाळ होऊन म्हणाली, "द्यायचीच असेल तर वितळवून दुसरं काहीतरी करून दे, नाहीतरी ती माझ्या बोटात ढिली होते." मला ते ऐकूनच कसंतरी झालं. अंगठी वितळवायची का? आणि तिला सांगायचं काय? आईचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामा, ८६ वर्षांचे आहेत. तेही नाताळला येणार आहेत. त्यांच्यासमोर हा वाद नको वाटतो.

— एक आई

---

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग तुमच्या लेकीचं कौतुक वाटलं. तुम्हाला उत्तर देता आलं नाही यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी हे प्रश्न कधी विचारलेच नव्हते, मग उत्तरं कुठून येणार? तिने विचारलेत, आणि पुरावे जमवून विचारलेत. फक्त ते पुरावे सगळे सारख्या वजनाचे नाहीत. माझे वडील सोनारकाम करायचे. ते असते तर म्हणाले असते, काही कसाला उतरतात आणि काही नुसते मुलाम्याचे आहेत.

त्यातला सरळसरळ मुलाम्याचा म्हणजे लाल डगल्याचा. कोका-कोलाने हॅडन सँडब्लॉम या चित्रकाराकडून सांताक्लॉजची चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली १९३१ साली. त्या चित्रांनी तो गुबगुबीत, लाल गालांचा आजोबा जगभर पोचवला हे खरं. पण थॉमस नास्ट नावाचा व्यंगचित्रकार अमेरिकेतल्या 'हार्पर्स वीकली'त १८६३पासून सांता काढत होता. त्याचं १८८१मधलं चित्र पाहिलंत तर तोच ढेरपोट्या, दाढीवाला, हातात खेळणी घेतलेला म्हातारा दिसेल. एकोणिसावं शतक संपेपर्यंत लाल डगलाही छापील चित्रांत रुळला होता. म्हणजे कंपनीने तो जन्माला घातला नाही, चांगला पोसला.

पण या म्हाताऱ्याच्या मागे आणखी मागे गेलं की जे हाती लागतं ते नेमकं तुमच्या घरातल्या भांडणाशी येऊन भिडतं. तो मुळात संत निकोलस, चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. त्याच्याबद्दलची सगळ्यांत गाजलेली आख्यायिका सोन्याची आहे. एका माणसाला तीन मुली होत्या. घर बसलेलं, लग्नाला पैसा नाही आणि मुलींवर भलती वेळ यायची लक्षणं. निकोलसने तीन वेळा रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याने भरलेली पिशवी आत टाकली. तिसऱ्या खेपेला बाप जागाच राहिला होता, त्याने पाठलाग करून त्याला गाठलं. निकोलस म्हणाला, कुणाला सांगू नकोस. (बापाने किती पाळलं ते दिसतंच आहे.) पुढे सांगणाऱ्यांनी खिडकीचं धुराडं केलं आणि पिशवी वाळत घातलेल्या मोज्यात पाडली. जुन्या चित्रांत हा संत तीन सोन्याचे गोळे घेतलेला दिसतो तो यावरूनच. गोष्ट अशीच घडली का, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नाही. पण रात्रीच्या अंधारात कुणाच्या तरी लेकीसाठी सोनं ठेवून जाणं ही कल्पना जाहिरातवाल्यांच्या पुष्कळ आधीची आहे, एवढं तिला नक्की सांगता येईल.

तारखेचं प्रकरण तिला वाटतं तितकं मिटलेलं नाही. रोमचा सम्राट ऑरेलियन याने इ. स. २७४मध्ये 'अजिंक्य सूर्या'चं मोठं देऊळ बांधलं हे खरं. पण गंमत बघा, २५ डिसेंबर हा त्या सूर्याचा जन्मदिवस असल्याची सगळ्यांत जुनी स्पष्ट नोंद आणि त्याच दिवशी येशूचा जन्म झाल्याची जुनी नोंद, या दोन्ही एकाच संग्रहात सापडतात. रोममध्ये ३५४ साली तयार केलेलं ते एक पंचांगवजा बाड आहे. मग कुणी कुणाची तारीख घेतली? काही अभ्यासक म्हणतात, चर्चने सूर्याचा सण उचलला. दुसरे म्हणतात, येशू आईच्या पोटी आला तो दिवस २५ मार्च धरलेला होता, त्यात नऊ महिने मिळवा. दोन्ही बाजूंना भांडायला चिक्कार जागा आहे. आपला 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, आणि त्यांच्याकडे तो लॅटिनमधल्या 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा, यावरून आला. त्या बाडात सूर्याच्या नावापुढेही तोच शब्द आहे.

'हा सण मुळात आपला नाही' हे म्हणणारी तुमची लेक पहिली नाही, हेही तिच्या कानावर घाला. तिला ज्यांची सोबत मिळेल ती ऐकून ती जरा दचकेल. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७मध्ये नाताळ बंद केला होता. तिकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो उठायला १६८१ उजाडलं. हे करणारे नास्तिक नव्हते, कडवे धार्मिक होते. बायबलात ही तारीख नाही, हा सण बाहेरचा, सबब बंद, असा त्यांचा हिशेब. मूळ शोधण्याचा नाद चांगला, पण त्या नादातून दंडाची पावती फाडण्यापर्यंत माणसं गेलेली आहेत.

झाडाच्या बाबतीत ती बरोबर आहे. १६०५मधली एक जर्मन टिपणी आहे स्ट्रासबुर्गची. तिथले लोक नाताळात दिवाणखान्यात फरची झाडं उभी करतात आणि त्यांना रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ पापुद्र्यासारख्या चकत्या, साखर आणि सोनेरी वर्ख टांगतात, असं त्यात लिहिलंय. सफरचंदांचं कारण असं सांगतात की २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वेचा दिवस. त्या दिवशी त्यांची नाटकं व्हायची आणि रंगमंचावर स्वर्गातलं झाड म्हणून फर उभा करायचे, कारण ऐन थंडीत हिरवं दुसरं मिळणार काय? आता हे झाड 'जर्मनांचं' म्हणावं तर स्ट्रासबुर्ग आज फ्रान्समध्ये आहे. १८४८मध्ये लंडनच्या एका चित्रमय साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन नवरा अल्बर्ट मुलाबाळांसह झाडाभोवती उभे असल्याचं चित्र छापलं आणि झाड इंग्रजांच्या घरोघरी गेलं. दोनच वर्षांनी एका अमेरिकन मासिकाने तेच चित्र उचललं. उचलताना राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढून टाकला आणि अल्बर्टच्या मिशा उडवल्या. झालं, अमेरिकन कुटुंब तयार! परंपरा एका घरातून दुसऱ्या घरात कशी जाते याचं इतकं बोलकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. दागिना उतरवला, मिशी काढली आणि झाड ठेवलं.

अंगठीच्या बाबतीत ती अर्धी बरोबर. साखरपुड्याला हिरा हवाच, हे सर्वांच्या डोक्यात बसवण्यात जाहिरातीचा मोठा हात आहे. 'हिरा हा चिरंतन' अशा अर्थाचं ते प्रसिद्ध घोषवाक्य १९४७चं आहे. लग्नाच्या वाढदिवसांचंही तसंच. पंचविसाव्याला चांदी, पन्नासाव्याला सोनं हे जुनं, पण मधल्या बऱ्याच वर्षांना एकेक वस्तू लावून देणारी लांबलचक यादी १९३७मध्ये अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने काढली. ती कुणाच्या भल्यासाठी, हे मी सांगायला नको. मात्र अंगठी देणं त्याहून फार जुनं आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की वाग्दत्त वधूला अंगठी पाठवतात ती लोखंडाची, आणि तिला खडाही नसतो. करंगळीशेजारच्या बोटातूनच थेट हृदयाकडे शीर जाते म्हणून अंगठी त्या बोटात, ही हळवी माहिती मात्र तिने ऐकली असेल तर विसरायला सांगा. जुन्या लोकांनी तसं लिहून ठेवलंय खरं, पण पाचही बोटांचं रक्त हृदयाकडेच जातं.

तुमच्या आईच्या अंगठीला खडा नाही, हे मला या सगळ्यात फार आवडलं. जाहिरातवाल्यांना हात टेकायलाही तिच्यावर जागा नाही.

आता सोनं. इथे ती तिला वाटतं त्याहून जास्त बरोबर आहे आणि त्यामुळेच तिचा मुद्दा लटका पडतो. सोन्याचा अणू फार जड. आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याच्या पोटात तो घडत नाही. त्यासाठी न्यूट्रॉनांचा अक्षरशः मारा व्हावा लागतो, आणि तो होतो अशी एक जागा म्हणजे दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची, म्हणजे मोठे तारे फुटून गेल्यावर उरलेल्या अतिघन गाभ्यांची, टक्कर. १७ ऑगस्ट २०१७ला अशा एका टकरीची थरथर अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या वेधशाळांनी पकडली. टक्कर झाली होती सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं लांब. मागोमाग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि त्या प्रकाशात जड मूलद्रव्यं नुकतीच घडत असल्याच्या खुणा दिसल्या. मग ते सोनं आपल्यापर्यंत आलं कसं? सूर्यमाला ज्या धुळीतून आणि वायूतून बनली त्यात ते आधीपासूनच मिसळलेलं होतं. पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत होती तेव्हा लोखंड तिच्या गाभ्याकडे बुडालं आणि सोन्याला लोखंडाची ओढ असल्याने बहुतेक सोनं त्याच्याबरोबर तळाशी गेलं. आपल्याला खणून मिळतं ते बरचसं नंतर पडलेल्या उल्कांनी आणून टाकलेलं, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. ग्रीनलंडमधल्या ३८० कोटी वर्षं जुन्या खडकांच्या अभ्यासातून २०११मध्ये त्याला पुष्टीही मिळाली.

तर हो, सोनं पृथ्वीवरचं नाही. पण तुमच्या लेकीच्या रक्तातलं लोखंडही नाही, तेही ताऱ्यांतच घडलं. हाडांतला कॅल्शियमही तसाच. 'मुळात इथलं नाही' ही अट लावली तर सोन्याबरोबर ती स्वतःही बाद होते. म्हणून हा मुद्दा फार ताणू नये हे बरं.

आकाशातून आलेला धातू अंगावर घालायची हौस मात्र माणसाला आधीपासून आहे. इजिप्तमध्ये गेर्झेह इथल्या थडग्यांत लोखंडाचे नऊ मणी सापडले, सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचे. दगडातून लोखंड गाळण्याची कला तेव्हा तिथे नव्हती. हे मणी उल्केच्या लोखंडाचे, पातळ पत्रा ठोकून मग नळीसारखे वळवलेले. ओवले होते सोन्याच्या आणि रंगीत दगडांच्या मण्यांबरोबर. त्याहून जुनं सोनं बल्गेरियात व्हार्ना शहराजवळ १९७२मध्ये निघालं, तेही चर खणणाऱ्या एका यंत्रचालकाला. साडेसहा हजार वर्षांपूर्वीची ती दफनभूमी, आणि सगळ्या थडग्यांतलं मिळून सोनं सुमारे सहा किलो. तिथे काही थडगी अशी आहेत की आत माणूसच नाही. मातीचा मुखवटा ठेवलाय, त्याच्यावर सोनं चढवलंय, आणि अंग असायला हवं तिथे रिकामं. माणूस परत आला नसेल, त्याचं सोनं तरी नीट ठेवू, असं काही त्यांच्या मनात होतं का, कोण जाणे. मी त्या फोटोवरून बराच वेळ नजर हलवू शकले नव्हते.

सोनं गंजत नाही, सडत नाही, म्हणून टाकलंही जात नाही. आजवर माणसाने खणून काढलेलं सगळं सोनं दोन लाख टनांच्या थोडं वर भरतं. एकत्र केलं तर त्याचा जेमतेम २२ मीटर बाजूचा ठोकळा होईल. त्यातलं बहुतेक अजून कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात, बोटात, तिजोरीत आहे. ते पुन्हापुन्हा मुशीत जातं आणि पुन्हापुन्हा बाहेर येतं. वडिलांच्या शेजारी बसून मी हे पाहिलंय. मूस लालबुंद होते, दागिना तिच्यात नुसता बसून राहतो, आपल्याला वाटतं काहीच होत नाही. मग एखादी कडा घामेजल्यासारखी चमकते. वडील सवागीची चिमूट टाकून फुंकणी चालवत राहायचे, आणि बघता बघता बांगडीचं बांगडीपण जायचं. तळाशी एक गोल थेंब थरथरत राहायचा. एकदा एक बाई तिची आणि सासूची अशी दोघींची मोड घेऊन आली होती. थेंब झालेला पाहून तिने विचारलं, यातलं माझं कुठलं? वडील म्हणाले, "मुशीत नाव राहत नाही, वजन राहतं."

म्हणून मूळ शोधण्याबद्दल माझं म्हणणं एवढंच, की ते एका ठिकाणी थांबत नाही. झाडाच्या मागे नाटक निघतं, म्हाताऱ्याच्या मागे बिशप निघतो, सोन्याच्या मागे तारे निघतात. तिने प्रत्येक गोष्टीचं मूळ अशा ठिकाणी गाठलंय की जिथे आपण नव्हतो, आणि मग विचारलंय, यात आपलं काय. साहजिक आहे. कारण जवळचं टोक तिला कुणी दाखवलेलंच नाही. न्यूट्रॉन तारे तिला मोबाइलवर सापडले. तिची आजी कपडे धुताना अंगठी काढून खिडकीत ठेवायची, हे तिला कुठेही सापडणार नाही. तुमच्या पत्रातलं ते सगळ्यांत चांगलं वाक्य आहे, आणि तुम्ही ते असं जाता जाता लिहून टाकलंत. तिला हे सांगितलंय का कधी?

त्या वाक्यात आणखी एक गोम आहे, सोनाराच्या लेकीला ती खटकते. घट्ट बसलेली अंगठी साबणाच्या पाण्यात निसटत नाही, आणि धुण्याच्या साबणाने सोन्याचं काही बिघडतही नाही. काढून ठेवायची म्हणजे बहुधा तुमच्या आईलाही ती ढिली होत होती. मग ती मुळात तिच्या मापाची होती का? विकत घेतलेली, की तिच्याही आधी दुसऱ्या कुणाच्या बोटातली? कदाचित मी उगाच लांबचा विचार करत असेन, बाळंतपणानंतर किंवा आजारपणानंतर बोटं बारीक होतात, तसंही असेल. पण हे सांगू शकणारा एक माणूस अजून आहे, ८६ वर्षांचा, आणि तो नाताळला तुमच्याकडे येतोय. तुम्ही त्यांच्यासमोर वाद नको म्हणता. माझं उलट म्हणणं आहे. मुलीला मामाआजोबांच्या शेजारी बसवा, अंगठी तिच्या हातात द्या आणि त्यांना विचारायला सांगा. मूळ खणायची तिला हौस आहेच. तुम्ही मध्ये बोलू नका, ही अट मात्र पाळा. तुम्ही 'बघ, म्हणूनच सांगत होते' म्हणालात की सगळं फुकट जाईल.

खाणींबद्दल मात्र मी तिच्याच बाजूची आहे आणि इथे तिला खोडून काढायला जाऊ नका. चांगल्या खाणीतही टनभर खडकातून काही ग्रॅमच सोनं निघतं, एका अंगठीमागे कैक टन दगड फुटतो. दक्षिण अमेरिकेत पोटोसीच्या चांदीच्या डोंगरात १५४५नंतर स्पॅनिश लोकांनी वेठबिगारीने माणसं जुंपली, तो इतिहास वाचवत नाही. आजही लहान लहान खाणींत हाताने सोनं काढणारे लोक ते पाऱ्यात धरतात आणि पारा जाळून उडवतात. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यांत मोठा वाटा तिथूनच येतो. पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार २०१३मध्ये झाला, २०१७मध्ये लागू झाला, तरी ते काम संपलेलं नाही. तुमच्या लेकीला याची चीड येते ही फार चांगली गोष्ट आहे. पण आईच्या अंगठीसाठी नवा दगड फुटणार नाही. खाणीचं पटत नसेल त्याने घालावं असं सोनं कुठलं असेल, तर हेच, आधीच बाहेर असलेलं. हा मुद्दा तुम्ही मांडू नका, ती स्वतःच तिथे पोचेल. तिचं डोकं त्याच दिशेने चालतंय.

उरला वितळवण्याचा प्रश्न. सोन्याला वितळण्याचं काही दुःख नसतं, त्यामुळे 'आईची वस्तू मोडू नये' असं मी धर्म म्हणून सांगणार नाही. तरीही नका वितळवू. कारण आत काहीतरी कोरलंय आणि ते अजून कुणी वाचलेलं नाही. १०६४ अंशांना सोनं पाणी होतं आणि त्या अक्षरांची कुठे नोंदही उरणार नाही. वाचून झाल्यावर, फोटो काढून ठेवल्यावर, मुलीला तरीही वेगळं काही हवं असेल तर तेव्हा बघू. ढिली होते एवढ्यासाठी मूस कशाला?

ते तीन आकडे बहुधा ७५० असतील. म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं, १८ कॅरट. उरलेला पाव हिस्सा चांदी, तांबं असं काहीतरी. त्यानेच अंगठी इतकी वर्षं आकार धरून राहिली, चोख सोनं मऊ पडतं. पुढची अक्षरं वाचायला घासूनपुसून काही करू नका, पॉलिश तर मुळीच नको, उरलीसुरली रेघही जाईल. कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने आतला मळ काढा, कोरडी करा, आणि खोलीतला दिवा बंद करून बाजूने तिरपा उजेड पाडा. टॉर्च अंगठीच्या पातळीत आडवी धरायची, वरून नाही. खोल रेघांत सावली बसते आणि झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. भिंग मुलीच्या हातात द्या, तिची नजर चांगली.

हे सोनाराकडे जायच्या आधी करायचं, त्याला कारण आहे. अंगठी लहान करताना खालच्या बाजूने कापून एक छोटा तुकडा काढतात आणि टोकं जुळवून डाग देतात. व्यास एक मिलिमीटरने कमी करायचा तर तीन मिलिमीटरांहून थोडा मोठा तुकडा जातो, आणि तेवढ्या जागेत कोरलेलं एखादं अक्षर सहज मावतं. अक्षरं कुठे आहेत ते आधी कळलं तर सोनाराला सांगता येईल, इथे नको, त्या बाजूला काप. डाग १८ कॅरटच्याच सोन्याचा दे हेही सांगा, नाहीतर काही वर्षांनी सांधा वेगळ्या रंगाचा दिसतो. माप सकाळी गार बोटाचं घेऊ नका, दिवसभराचं काम झाल्यावर घ्या, आणि पेराच्या हाडावरून अंगठी सरकते का ते बघा.

आणि कापलेला तुकडा परत मागून घ्या. बरेच जण तो सोनाराच्या फडक्यावरच विसरून येतात. कागदाच्या पुडीत घालून अंगठीच्या डबीत ठेवून द्या. पुढे कधी ही अंगठी मोठ्या बोटाच्या कुणाकडे गेली तर भर घालायला तोच लागेल.